‘कर्ज’मधली गिटार आणि ती वाजवणारा हात

(साताऱ्यात आणि त्यानंतर सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं हे एकत्रित शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पत्रिकेवर विषय वाचून मला दोन-तीन फोन आले. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली तो इलेक्ट्रिक गिटारवर काय बोलणार, असा सगळ्यांचा सूर होता. एकानं तर विचारलं, ‘‘सर, छपाईत काही चूक झालीय का?’’ नाही, चूक नाही. मी गिटार वाजवत नाही, पण ऐकतो पुष्कळ. आणि ज्या प्रश्नावर आज बोलायचंय तो मुळात वाजवणाऱ्याचा नाहीच, ऐकणाऱ्याचा आहे. आधी थोडं ऐकू या.

[ध्वनिफीत ऐकवली.]

बस, एवढंच. वीस-पंचवीस सेकंद. कुणी ओळखलं? बघा, सगळे हात वर. पुढच्या रांगेतल्या आजींचासुद्धा. सिनेमा ‘कर्ज’, साल १९८०. दिग्दर्शक सुभाष घई, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. गाणं ‘एक हसीना थी’, लिहिलं आनंद बक्षींनी, गायलं किशोर कुमार आणि आशा भोसले यांनी. आशाबाई तर इथल्याच, १९३३ साली सांगलीत जन्मल्या. पडद्यावर गिटार घेऊन उभा आहे ऋषी कपूर. आता सांगा, ही गिटार वाजवली कुणी?

हात खाली गेले. साताऱ्यातही असंच झालं. तिथं एकच हात वर राहिला आणि ते गृहस्थ स्वतः पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. म्हणजे धून सगळ्यांना पाठ आणि वाजवणाऱ्याचं नाव कुणालाच नाही. त्या माणसाचं नाव गोरख शर्मा. प्यारेलालजींचे धाकटे भाऊ. वडील रामप्रसाद शर्मा ट्रम्पेट वाजवायचे आणि पुष्कळांचे गुरू होते. गोरख शर्मांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे वर्षानुवर्षं गिटार वाजवली. २०१८च्या जानेवारीत ते मुंबईत वारले.

नाव सांगितलं की काम झालं असं मला वाटत नाही. नाव माहीत नसणं ही माहितीतली उणीव, ती आजकाल मोबाइलवर दोन मिनिटांत भरून निघते. माझी तक्रार वेगळी आहे. हा माणूस तिथं नेमकं काय करतोय हे सांगायला आपल्याकडे शब्दच नाहीत. सिनेमाच्या गाण्याबद्दल बोलताना आपण ‘चाल’ म्हणतो, ‘शब्द’ म्हणतो, ‘आवाज’ म्हणतो. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, आवाज गायकाचा. मग वाजवणं कुणाचं? त्यासाठी आपल्या रसिकतेत खणच नाही. जिथं खण नाही तिथं ठेवलेली वस्तू हरवायचीच.

आणि हे कुठं घडतंय? तर इथं! मिरजेचे तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घराण्यांची नावं आपल्याला दोन-तीन पिढ्या मागपर्यंत माहीत असतात. परवा, २०२४मध्ये, त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी गाणं-बजावणं होतं, तिथं तंबोऱ्यावर कोण बसलंय हेही माणसं एकमेकांना विचारून घेतात. साताऱ्याकडे औंधच्या उत्सवात साथीदाराला वेगळी दाद जाते. ही इतकी चोखंदळ माणसं सिनेमातल्या गिटारपाशी आली की एकदम गप्प होतात. ते ‘म्युझिक’ होऊन जातं. ‘‘गाण्याआधीचं म्युझिक काय सुंदर आहे हो!’’ म्हणजे जणू ते झाडाला लागलेलं असतं.

पाश्चात्त्य रॉकमध्ये उलटं आहे. तिथं गिटारवाला हाच नायक. हेंड्रिक्स, जिमी पेज ही नावं आमच्या कॉलेजातल्या पोरांनाही ठाऊक होती, गाणी ऐकलेली नसली तरी. अर्थात तिथंही गंमत आहेच. बीटल्सच्या १९६८च्या ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’मध्ये रडणारी ती गिटार एरिक क्लॅप्टनची आहे, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव नव्हतं. पण क्लॅप्टन आधीच क्लॅप्टन होता, लोकांना लवकरच कळलं. आपल्याकडे वादक यायचा, नोटेशन समोर ठेवायचा, वाजवायचा आणि पुढच्या रेकॉर्डिंगला जायचा. ग्रेगरी बूथ नावाच्या संशोधकानं मुंबईतल्या या वादकांना भेटून, त्यांच्याशी तासन् तास बोलून ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक केलं, २००८ साली. ते काम बाहेरच्या माणसानं करावं याची मला थोडी खंत वाटते. आमचे अशोक रानडे हिंदी चित्रपटगीताला अभ्यासाचा विषय मानणारे, पण असे किती?

आता मूळ मुद्दा. ‘कर्ज’ची गोष्ट पुनर्जन्माची आहे. रवी वर्मा नावाच्या तरुणाला त्याची नवी नवरी कामिनी, म्हणजे सिमी गरेवाल, मारून टाकते. तो मॉन्टी होऊन पुन्हा जन्मतो आणि मोठा गायक होतो. त्याच्या बोटांतून एक धून निघते आणि ती निघाली की मागचा जन्म डोळ्यांपुढं चमकू लागतो. शेवटी भर रंगमंचावर, कामिनीच्या समोर, तो तीच धून वाजवून तिच्या खुनाची गोष्ट गातो. कथेवर हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसलो होतो. पण धुनेवर सोपवलेलं काम बघा. ती सजावट नाही. ती ओळखीची खूण आहे. कालिदासानं जे काम अंगठीला दिलं ते इथं गिटारला दिलंय.

आपल्या दर्शनांत याला शब्द आहे, प्रत्यभिज्ञा. ‘तो हा देवदत्त’ असं आपण म्हणतो तेव्हा आधी पाहिलेला ‘तो’ आणि समोरचा ‘हा’ एकत्र येतात. काश्मिरी शैवांनी तर यावर एक अख्खं दर्शन उभं केलं. आता प्रत्यभिज्ञेची अट काय? खूण बदलता कामा नये. अंगठी प्रत्येक वेळी वेगळी दिसली तर दुष्यंताला काय आठवणार? म्हणून ही धून प्रत्येक वेळी तीच असावी लागते. सुरांत फेरफार करायची मुभा वादकाला नाही.

गिटारवाल्याची ही केवढी अडचण! कारण रॉकमध्ये काय, जॅझमध्ये काय, आणि आपल्या खयालात काय, व्यक्त होण्याचा राजमार्ग म्हणजे बदल. तीच जागा दहा वेळा घ्यायची आणि दहा वेळा वेगळी दाखवायची. तो मार्ग इथं बंद. चाल लिहिलेली, लांबी ठरलेली, मागं मोठा वाद्यमेळ. मग या माणसाजवळ उरलं काय?

साताऱ्यात इथंच एक श्रोते उठले. म्हणाले, ‘‘सर, ही धून मुळात त्यांची नाहीच, बाहेरून उचललेली. मग कौतुक कसलं?’’ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळायचा नाही. जॉर्ज बेन्सन या अमेरिकन गिटारवादकाचा ‘वीकेंड इन एल.ए.’ हा अल्बम १९७८ साली आला. त्यात ‘वी ॲज लव्ह’ नावाची रचना आहे. ती ऐका आणि मग ‘कर्ज’ ऐका, वेगळं सांगायला नको. संगीतकारांनी श्रेय द्यायला हवं होतं, यात दुमत नाही. पण बघा, हा आक्षेप चालीवरचा आहे. म्हणजे पुन्हा आपण चालीपाशीच आलो! चाल उसनी म्हणून वाजवणं उसनं होत नाही. उलट, एकच धून दोन माणसांनी वाजवलेली मिळाली, तर वाजवणं म्हणजे काय ते दाखवायला याहून सोयीचं दुसरं काय मिळणार?

बेन्सन जॅझमधून आलेला. त्याच्याकडे ही धून मोकळी आहे, सैल अंगानं चालते, श्रोत्यांपुढं प्रत्यक्ष मैफलीत वाजते आहे. घरी परतणाऱ्या सुखी माणसाची चाल म्हणा. तिला कुठं पोचायची घाई नाही, कारण ती घरच्याच रस्त्यावर आहे. गोरख शर्मांकडे तीच ओळ आवळलेली आहे. सूर स्वच्छ, एकेक सुटा, खरखर नाही, गडगडाट नाही. ओळ संपते आणि ते थांबतात. त्या थांबण्याकडे लक्ष द्या अशी माझी विनंती आहे. पुन्हा लावा हो जरा.

[ध्वनिफीत पुन्हा ऐकवली.]

ऐकलंत? ओळ, मग मोकळी जागा. पुन्हा ओळ. त्या जागेत काहीतरी भरायचा मोह कुठल्याही वादकाला होईल. १९८२-८३च्या सुमाराला गणपतीत गावोगाव ऑर्केस्ट्रा असायचे, तुमच्यातल्या साठीच्या मंडळींना आठवत असतील. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मी एका मुलाला ही धून वाजवताना ऐकलं. हात तयार होता पोराचा. पहिल्या चार सुरांतच शिट्ट्या पडल्या. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तो एक गिरकी घ्यायचा, एखादी हरकत टाकायचा, जागा मोकळी म्हणून राहू द्यायचा नाही. लोक खूश होते. मलाही मजा आली. फक्त भीती नाहीशी झाली होती. आणि ही धून भीतीची आहे हो! काहीतरी आठवतंय पण काय ते कळत नाही, या अवस्थेतली भीती. आठवणारा माणूस मध्येच थांबतो, तसं ते थांबणं आहे. तिथं हरकत टाकली की अर्थ असा होतो, की याला सगळं आठवलेलंच आहे.

दुसरं थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. गिटार हे छेडायचं वाद्य. व्हायोलिनवर गज फिरतोय तोवर सूर जिवंत राहतो, वाढवता येतो, शेवटी फुगवता येतो. गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो. वीज जोडली म्हणजे तो थोडा जास्त टिकतो, पण विझतोच. वादकाच्या हातात तीन-चार गोष्टी असतात. नख किंवा पट्टी तारेवर किती जोरानं टाकायची, कुठं टाकायची, सूर विझू द्यायचा की मध्येच बोट उचलून तोडायचा, आणि तार आडवी ओढून सूर किती वर न्यायचा. हे ओढणं आपल्याला नवं नाही. सतारीवरची मींड म्हणजे हेच, तार पडद्यावर आडवी खेचली की ताण वाढतो आणि सूर चढतो. फरक एवढाच की सतारीचे पडदे कमानदार, त्यावर तार चार-पाच सूर सहज चढवता येते. गिटारच्या सपाट पट्टीवर सूर-दीड सूर म्हणजे पुष्कळ झालं. मिरजेतल्या कुठल्याही कारागिराला विचारा, तो मला सांगता येतं त्याहून चांगलं सांगेल.

‘कर्ज’च्या धुनेत गोरख शर्मा ओढण्याचा सोस करत नाहीत. रॉक गिटारचा सगळ्यांत हमखास टाळ्या घेणारा डाव म्हणजे सूर ओढून वर नेणं आणि तिथं थरथरत ठेवणं. तो त्यांना येत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी तो इथं उधळला नाही. लांब सूर ते त्याच्या मरणानं मरू देतात. मग मागून व्हायोलिनचा ताफा येतो, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा तो प्रसिद्ध ताफा, न विझणारा, भरलेला. त्या भरलेपणापुढं ही एकटी विझणारी तार उभी राहते. गाण्यातला खून झालेला माणूस कोण आणि त्याच्यावर चालून येणारं जग कोणतं, हे शब्द येण्याआधीच कानाला समजलेलं असतं. या योजनेचं श्रेय संगीतकारांचं, मी ते काढून घेत नाही. लक्ष्मीकांत स्वतः मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. दोघंही वादकांच्या खुर्चीत बसून वर आलेले, त्यांना कळत होतं कुणाकडून काय घ्यायचं. पण योजना कागदावर असते. कागद विझत नाही, सूर विझतो. तो किती आणि कसा विझावा हे त्या क्षणी हातानं ठरवायचं असतं.

आता माझ्या मास्तरकीच्या प्रांतात येतो. आपण सहज म्हणतो, ‘‘काय भावना ओतलीय!’’ हे ‘ओतणं’ मला नेहमी खटकतं. स्टुडिओत बसलेल्या गोरख शर्मांचा कुणी खून केला नव्हता. समोर नोटेशन, कानावर हेडफोन, शिफ्ट संपत आलेली, शंभर माणसं बरोबर बसलेली, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ते कुठली सूडभावना ओतणार? हान्सलिक नावाच्या समीक्षकानं १८५४ सालीच बजावलं होतं, की संगीताचा आशय म्हणजे चालते-फिरते नाद, भावनांचं प्रदर्शन नव्हे. कॉलिंगवुड पुढं म्हणाला, भावना व्यक्त करणं आणि भावनेची लक्षणं बाहेर पडणं या दोन गोष्टी निराळ्या. रडणारा माणूस दुःख व्यक्त करत नसतो, त्याचं रडू बाहेर येत असतं.

आमचा अभिनवगुप्त यांच्या कितीतरी आधी याच वळणावर उभा आहे. तो विचारतो, रस नटात असतो का? नाही. नटाला ‘पात्र’ म्हणतात ते उगीच नाही. पात्र म्हणजे भांडं. भांडं पेय चाखत नाही, त्याच्यामुळं दुसऱ्याला चाखता येतं. वर्गात हे शिकवलं की पोरं खूश व्हायची, कारण उदाहरण मद्याचं असायचं.

अभिनवगुप्ताला हात जोडून मी त्यात एक घरगुती भर घालतो. भांडं चाखत नाही हे खरं, पण भांडं कोणतं याला फार महत्त्व आहे. पितळेच्या भांड्यात ताक ठेवा, कळकतं. आपल्या आया-आज्या कल्हईवाल्याची वाट का बघायच्या? कल्हईची स्वतःची चव नसते. ती असली म्हणजे ताक ताकासारखं लागतं आणि ती गेली की पहिल्या घोटाला कळतं. गोरख शर्मांच्या वाजवण्यात मला ही कल्हई दिसते. ते स्वतःची चव लागू देत नाहीत. नेमकं याच कारणासाठी आपल्याला ते दिसले नाहीत. ज्या गिटारवाल्याची स्वतःची चव प्रत्येक सुराला लागते त्याला आपण लगेच ‘शैलीदार’ म्हणतो, त्याचे चाहते होतात. स्वतःला दूर ठेवणं हीसुद्धा शैली असू शकते आणि ती कदाचित जास्त कठीण असते, हे मानायला आपण तयार नसतो.

इथं मात्र मी सावध राहीन. संयम म्हणजे श्रेष्ठ असा नियम करायचा नाही. हेंड्रिक्सनं १९६९ साली वुडस्टॉकला अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर फाडून ठेवलं, तिथं संयम निरर्थक ठरला असता. प्रसंग काय मागतो ते बघायचं. ‘कर्ज’मधला प्रसंग ओळख मागतो.

पडद्यावरची सोंगं आपल्याला नवीन नाहीत. सांगलीकरांना तर मुळीच नाहीत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा पदं गायचा सूत्रधार, आणि पात्रं त्यावर अभिनय करायची, मग आपापली भाषणं बोलायची. म्हणजे पार्श्वगायन आपण सिनेमाच्या किती आधी केलंय बघा! पण भाव्यांचा सूत्रधार रंगमंचावर उभा असायचा. कोण गातंय हे शेवटच्या बाकावरच्या माणसालाही दिसायचं. सिनेमानं गाणारा लपवला, निदान त्याचं नाव तरी छापलं. वाजवणारा लपवला आणि नावही गाळलं. ‘कर्ज’मध्ये तर गंमत दुहेरी आहे. मेलेल्या रवीची ओळख मॉन्टीच्या बोटांवरून पटते. ती बोटं पडद्यावर ऋषी कपूरची. ऋषी कपूर फार सुंदर अभिनय करतो, त्या अवाढव्य तबकडीवर नाचतो तेव्हा आजही नजर हटत नाही. पण ज्या बोटांवरून कामिनीला ओळख पटली ती बोटं दुसऱ्याच माणसाची होती, आणि त्याला ओळखणारं थिएटरात कुणी नव्हतं.

प्यारेलालजींना हे दुखणं ठाऊक असावं. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त नायक ज्या अँथनी गोन्साल्विसचं नाव घेऊन नाचतो, ते गोव्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू. गाण्यात नाव घालून त्यांनी गुरुदक्षिणा दिली. देशभर ते नाव घुमलं. आणि लोकांना वाटलं, पात्राचं नाव आहे!

ऐकायचं कसं, असं मला मधल्या वेळात कुणीतरी विचारलं. माझी सवय सांगतो. गाणं एकदा गाण्यासाठी ऐकायचं. दुसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त एका वाद्याच्या मागं जायचं, ते कुठं येतं, कुठं गप्प बसतं. तिसऱ्यांदा, ते वाद्य तिथं नसतं तर काय झालं असतं असं मनात धरून. ‘एक हसीना थी’ गिटारविना मनात ऐकून बघा. खटला उरतो, साक्षीदार जातो.

वेळ झाली, चिठ्ठी आलीय. प्रश्न आपण घेऊच. त्याआधी ध्वनिव्यवस्थेवरच्या मित्राला विनंती, पुढच्या दोन फिती लागोपाठ लावा. पहिली १९६६च्या ‘तीसरी मंज़िल’मधली, तिथं गिटार दिलीप नाईकांची आहे. दुसरी ‘दम मारो दम’ची सुरुवात, १९७१. ती वाजवणाऱ्याला तुम्ही सगळे गझल गायक म्हणून ओळखता, भूपिंदर. त्यांचा आवाज इतका मृदू, आणि गिटार ऐका कशी येते ती. गाणं सुरू झालं की बंद करा, आपल्याला फक्त सुरुवात हवीय.